छापील चित्र, तरीही मूळ

प्रश्न : आमच्या साताऱ्याच्या घरी रविवर्मा छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वतीच्या जुन्या तसबिरी आहेत आणि त्यांना सगळे ‘छापील’च म्हणतात. अलीकडे एका कलाविषयक ग्रंथात नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांच्या ‘द स्क्रीम’ची काळी-पांढरी शिळाछाप आवृत्ती पाहिली, तिला मात्र स्वतंत्र कलाकृती म्हटले होते. हा भेद कशामुळे? आणि त्यातील माणूस कशासाठी ओरडतो आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्हींचे तंत्र एकच आहे आणि काळही जवळचा आहे. रविवर्मा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला, तर मुंक यांनी ही शिळाछाप बर्लिनमध्ये १८९५ साली केली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने रेखाटतात, डिंक व सौम्य आम्ल लावून ते पक्के करतात आणि दगड ओला करून वर शाईचा रूळ फिरवतात. ओला भाग शाई झिडकारतो आणि तेलकट रेघ ती धरून ठेवते. मात्र रविवर्म्यांचे तैलचित्र आधी पूर्ण झालेले असे आणि कारागीर त्यावरून एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करीत. तेथे मूळ म्हणजे तैलचित्र. आपल्याच जिल्ह्यात औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात रविवर्म्यांचे मूळ काम पाहता येते. मुंक यांनी शिळाछापेसाठीचे रेखाटन स्वतः केले, आणि तेही आपल्या १८९३ च्या रंगीत चित्राची हुबेहूब नक्कल न करता.

रंगीत चित्रातील अस्वस्थतेचा बराचसा भार लाल-केशरी आकाश वाहते. शिळाछापेत ते साधन हाती नसल्यामुळे सगळे काम रेघेवर आले. आकाशात आडव्या लाटा, खाली पाणी व जमीन यांची वळणे, आणि या साऱ्याला छेदत जाणारा पुलाचा ताठ, सरळ कठडा. चेहरा तर बहुतांशी कोरा कागदच आहे. मला स्वतःला ही आवृत्ती रंगीत चित्रापेक्षा अधिक कठोर वाटते, कारण तिच्यात डोळ्याला विसावायला जागा नाही.

आता दुसरा प्रश्न. या शिळाछापेखाली जर्मन भाषेत एक ओळ छापलेली आहे, तिचा आशय असा : निसर्गातून जाणारी मोठी किंकाळी मला जाणवली. मुंक यांनी १८९२ मध्ये रोजनिशीत लिहिलेला प्रसंगही तोच आहे. ते सूर्यास्ताच्या वेळी दोन मित्रांसह चालले होते, आकाश एकाएकी रक्तासारखे लाल झाले, ते थबकले, मित्र पुढे निघून गेले आणि ते भयाने कापत तेथेच उभे राहिले. म्हणजे आकृतीने कानांवर ठेवलेले हात बाहेरचा आवाज अडवण्यासाठी आहेत, असा अर्थ अधिक सयुक्तिक ठरतो. मुंक यांची आई त्यांच्या पाचव्या वर्षी आणि मोठी बहीण १८७७ मध्ये क्षयाने गेली. या दुःखांवरून चित्राचा उलगडा करण्याची पद्धत आहे, परंतु एकटेपणाचा पुरावा चित्रातच असताना चरित्राकडे धावण्याची घाई कशाला? कठड्याच्या दूरच्या टोकाला त्या दोन मित्रांच्या आकृती आहेत, आणि त्यांना काहीच ऐकू आलेले नाही.

याच शिळाछापेमुळे हे चित्र नियतकालिकांत छापता आले. पॅरिसच्या ‘ला रेव्ह्यू ब्लांश’मध्ये ते डिसेंबर १८९५ मध्ये आले. पुढे छापखान्याने दगड घासून दुसऱ्या कामाला घेतला, त्यामुळे त्यावरून निघालेल्या प्रती मोजक्याच राहिल्या.