मोटारसायकल जहाजाने केनियाला न्यायची आहे. कोणते कागद लागतील?

प्रश्न : मी नाशिकला राहतो. निवृत्तीनंतर माझी मोटारसायकल न्हावा-शेवा बंदरातून मोंबासाला पाठवून केनिया आणि टांझानिया फिरावे आणि गाडी परत आणावी, असा विचार आहे. आरसी आणि विमा आहे. आणखी काय लागेल?

उत्तर : गाडी परत आणणार असल्यामुळे तुमचा मुख्य कागद म्हणजे ‘कार्ने’. परक्या देशात गाडी तात्पुरती नेताना तिच्यावरचे आयातशुल्क भरावे लागू नये, यासाठी दिलेली ही हमी असते. आपल्याकडे तो मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळतो. त्याची मुदत एक वर्षाची असते आणि त्यासाठी आर्थिक हमी द्यावी लागते, त्यामुळे पैशांची तजवीज आधीच करावी.

अर्ज भरण्यापूर्वी हँडलखालच्या मानेवर कोरलेला चासिस क्रमांक रॉकेलच्या फडक्याने पुसून, त्यावर कागद धरून पेन्सिल घासावी आणि उमटलेला ठसा आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहावा. १७ अक्षरी क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात. आरसीवर ‘ओ’ दिसला, तर तेथे शून्य हवे असे समजून आरटीओकडून दुरुस्ती करून घ्यावी. एजंटाने भरलेल्या फॉर्मवर न वाचता सही करण्याची आपली सवय येथे महागात पडते. आरसी व पासपोर्टावरील नावातही फरक नसावा. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र घ्यावे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडे नमुना ४-ए भरून मिळतो.

कस्टमचे शिपिंग बिल (गाडी देशाबाहेर पाठवत असल्याचा अर्ज) कस्टम एजंट भरतो. त्याची प्रत जपून ठेवावी, कारण गाडी परत येताना ती इथूनच गेली होती हे तिच्यावरून दाखवता येते. भारतातला विमा तिकडे चालत नाही. पूर्व आफ्रिकेत ‘कोमेसा यलो कार्ड’ (तिथल्या अनेक देशांत चालणारा, दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा वाहन विमा) घ्यावे लागते.

कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात : देशात शिरताना एक भाग कस्टम कापून घेते, बाहेर पडताना दुसरा, आणि शिक्के मारलेला तिसरा तुमच्याजवळ राहतो. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला, तर गाडी तिथेच विकली असे मानून शुल्काची मागणी येऊ शकते. म्हणून शिक्का पाहिल्याशिवाय खिडकी सोडू नये. कार्ने गाडीच्या डिकीत ठेवू नये. कंटेनरला सील लागले की तो हाती येत नाही, आणि मोंबासाला गाडी सोडवून घेताना कार्ने आणि मूळ बिल ऑफ लेडिंग (गाडी जहाजावर चढवल्याची जहाज कंपनीची पावती) हेच आधी मागितले जातात.