बोटाला थांबवू नकोस

तुझं स्क्रीन रेकॉर्डिंग चार वेळा पाहिलं. यादीतलं प्रत्येक कार्ड उसळी मारत वर येतंय, बटण फुगतंय, मेनू सरकत येतोय. खाली तुझा प्रश्न: "सगळं चालतंय, तरी अ‍ॅप जड का वाटतं?" अरे, वाटत नाही, आहेच जड. शेवटचं कार्ड जागेवर बसेपर्यंत एक सेकंद जातो आणि तोवर बोट हवेत. बोटाला थांबवायचं नाही, एवढंच सांगायचंय, बाकी पाल्हाळ.

फ्लटरमध्ये, म्हणजे तू अ‍ॅप ज्यात लिहितोस त्यात, कार्ड उघडण्या-मिटण्यासाठी अ‍ॅनिमेशन हाताने चालवणारा कंट्रोलर तुला लागतच नव्हता. अ‍ॅनिमेटेडकंटेनर या तयार चौकटीला नवी उंची आणि ड्युरेशन, म्हणजे हालचालीला किती वेळ, एवढं दिलं की मधला प्रवास तो स्वतः करतो. अर्ध्यात पुन्हा टॅप केलं तर आहे तिथूनच मागे वळतो. हा त्याचा खरा गुण. तू मात्र कंट्रोलर लिहिलास आणि तो संपेपर्यंत टॅपच बंद ठेवलास! कशासाठी? 200 ते 300 मिलिसेकंद पुष्कळ झाले. आणि कर्व्ह, म्हणजे वेग कसा बदलायचा ते, दे रे बाबा, नाहीतर लिनियर लागतो, एकाच वेगाचा, रखडल्यासारखा. ईझआउट हा कर्व्ह सुरुवातीलाच वेग घेतो, म्हणजे बोटाला लगेच उत्तर.

चिडतोय, कारण हे मीही केलंय. माझ्या पहिल्या अ‍ॅपमध्ये 'जतन करा' दाबलं की बरोबरची खूण दीड सेकंद रेखली जायची. दोन रात्री जागलो होतो तिच्यासाठी. दिवसभर नोंदी करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "छान आहे, पण रोज दोनशे वेळा बघावी लागते." म्हणजे रोजची पाच मिनिटं. तरी वर्षभर काढली नाही. खूण देखणी होती, हे आजही म्हणेन. कुणी म्हणेल, हट्टी आहे. असेन. पण ते बोट त्यांचं होतं, माझं नव्हतं.

नव्या फोनवर, तेही चुका शोधायच्या संथ डीबग मोडमध्ये बघून निर्णय घेऊ नकोस. जुना फोन घे, खरा वेग मोजायचा प्रोफाइल मोड लाव. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमला, एका चित्राला, तयार व्हायला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. हलत्या पडद्याने काहींना गरगरतं, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये कुणी हालचाल बंद केली असेल, म्हणजे मीडियाक्वेरीतलं डिसेबलअ‍ॅनिमेशन्स खरं असेल, तर ड्युरेशन शून्य कर.

कार्डांची उसळी आजच काढ. मेनूचं सरकणं राहू दे, तो कुठून आला ते कळतं. आणि आता रेकॉर्डिंग नको, बिल्ड, म्हणजे चालतं अ‍ॅपच, पाठव. बोट लावून बघतो.