पाऊस आला म्हणून सायकली आत ठेवायच्या का?

प्रश्न : नमस्कार, आम्ही चौघं सुट्टीत बाहेर चाललोय, बुकिंग वगैरे सगळं झालंय. तिथे जंगलातून सायकलचे मस्त रस्ते आहेत, सायकली भाड्याने मिळतात. मुलगी नऊ वर्षांची आहे, ती स्वतः चालवते, मुलगा तीनचा, तो माझ्या मागच्या सीटवर. पण सीझन असा आहे की पाऊस धरूनच चालायचं. नवरा म्हणतो भिजलो तर भिजलो, विरघळणार थोडीच आहोत! माझा जीव होत नाही. काय करू?

उत्तर : जा की! रिमझिम पावसात जंगल जसं दिसतं तसं उन्हात नाही दिसत, आणि गर्दीही नसते. तुमच्या मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे, फक्त त्यांना एवढं सांगा की भिजणारे चौघं असले तरी पेडल मारणारे तिघंच आहेत. खरी गोम तिथेच आहे. पेडल मारणाऱ्याचं अंग गरम राहतं, मागे बसलेलं पोर नुसतं वारा खातं, त्यामुळे चढावर तुम्हाला घाम फुटलेला असतो आणि त्याच वेळी त्याची बोटं गारठलेली असतात, आणि उतारावर तर अजूनच, कारण वेग वाढला की वारा वाढतो. म्हणून किती लांब जायचं, कधी परतायचं हे सगळं त्या धाकट्याच्या हिशोबाने ठरवा, नवऱ्याच्या उत्साहाच्या नाही.

त्याला तुमच्यापेक्षा एक थर जास्त घाला. आतला कपडा सुती नको, सुती एकदा भिजलं की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं, लोकरीचं किंवा खेळाडू घालतात तसं सिंथेटिक घ्या. वर अंगाबरोबर बसणारा रेनकोट, लोंबणारा नको, चाकात जाईल. जाड कपडे घातले की सीटचे पट्टे पुन्हा नीट बसवा, हे हमखास विसरतं. आणि अधूनमधून थांबून त्याच्या मानेमागून कॉलरच्या आत हात घालून बघा. हातपाय गार लागले तर एवढं काही नाही, मान-पाठ गार लागली की परत फिरा. कुडकुडतोय म्हणजे शरीर अजून झगडतंय, पण एरवी अखंड बडबडणारं पोर एकदम गप्प झालं, पेंगायला लागलं तर दमलं असेल म्हणून सोडून देऊ नका. लगेच आडोसा, कोरडे कपडे, काहीतरी कोमट गोड प्यायला, आणि तरी तरतरी आली नाही तर सरळ डॉक्टर.

वीज असेल तर मात्र चर्चाच नको. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे चमकल्यापासून गडगडेपर्यंत तीस आकडे मोजून झाले नाहीत तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पोरं बरोबर असताना मी तर मोजतही बसणार नाही, गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत नाहीतर बंद मोटारीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच. सायकलला रबरी टायर असतात म्हणून वीज लागत नाही हे कोणी सांगितलं तर ऐकू नका, आणि एकट्या झाडाखाली तर अजिबात उभं राहू नका.

भाड्याची सायकल घेताना दोन गोष्टी बघा, ब्रेक आणि मडगार्ड. रिमवर दाबणारे ब्रेक ओले असले की उशिरा धरतात, आधी पाणी पुसलं जातं मग पकड येते, डिस्क ब्रेक मिळाले तर बरं. मडगार्ड नसेल तर पुढच्याच्या मागच्या चाकाचा सगळा चिखल मागच्याच्या तोंडावर, आणि बाबांच्या मागे मागे येणारी तुमची लेक नेमकी त्या फवाऱ्यात डोळे मिटून सायकल चालवणार. तिला एक गोष्ट निघायच्या आधीच शिकवून ठेवा, ओली पानं, लाकडी पूल, लोखंडी जाळी, रस्त्यावरचे रंगाचे पट्टे यांच्यावर ना ब्रेक ना वळण, वेग आधीच कमी करायचा आणि सरळ पार व्हायचं. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर मात्र कितीही उथळ दिसू दे, ओलांडायचं नाही.

रूट मोठ्या फेरीचा नको. मुक्कामाभोवतीच्या छोट्या फेऱ्या मारा, म्हणजे कधीही अर्ध्या तासात छपराखाली येता येईल. आणि जाताना वाऱ्याच्या समोरून जा, येताना दमलेले असताना वारा पाठीवर मिळतो.

प्रश्न : पाऊस पडून गेल्यावर मातीच्या ट्रॅकवर सायकल घातली तर ट्रॅक खराब होतो का? चिखल टाळायला आम्ही कडेच्या गवतातून जातो.

उत्तर : होतो, आणि कडेने गेल्याने जास्तच, कारण प्रत्येक जण कडेने गेला की पायवाट रुंद होत जाते आणि गवत मरतं. सोप्पी टेस्ट आहे, मागे वळून बघा, टायरची खोल चाकोरी उठतेय का? उठत असेल तर त्या दिवशी खडीचा नाहीतर डांबरी रस्ता धरा, खडीतून पाणी खाली जातं. लहानसं डबकं असेल तर हळू मधूनच जा. घरी आल्यावर चिखल साध्या पाण्याने धुवा, जोराचा फवारा बेअरिंगवर नको, चेन फडक्याने कोरडी करून तेल द्या, नाहीतर सकाळपर्यंत तांबूस झालेली असते.