मायकोरायझा गुळाच्या पाण्यात वाढत नाही

प्रश्न : वालाच्या मुळांवर गाठी दिसतात. रोपं उपटून टाकू का? (चिपळूण)

उत्तर : नको. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर रायझोबियम हा जिवाणू हवेतला नत्र रोपाला देतोय. गाठ अलगद सुटत नसेल, मूळच फुगलेलं असेल, तर सूत्रकृमी (मुळात शिरणारा बारीक किडा) असू शकतो. मातीसकट रोप कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

प्रश्न : भाताच्या बियाण्याला बुरशीनाशक आणि ॲझोस्पिरिलम (नत्र देणारं जिवाणू खत) एकत्र चोळलं तर?

उत्तर : चालणार नाही. आधी बुरशीनाशक, अगदी शेवटी, पेरणीच्या दिवशी, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम ॲझोस्पिरिलम. सावलीत सुकवून लगेच पेरा. कोणतं बुरशीनाशक वापरताय ते कृषी सहायकाला सांगा आणि त्यावर ॲझोस्पिरिलम चालेल का, ते विचारा.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, मायकोरायझा गुळाच्या पाण्यात दोन दिवस ठेवला की दसपट होतो, मग हापूसवर फवारायचा. खरं का? (देवगड)

उत्तर : साफ खोटं, आणि दर पावसाळ्याआधी हेच कानावर येतं. मायकोरायझा ही मुळांशी जोडून राहणारी बुरशी, ती जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. गुळावर वाढतात ते दुसरेच जंतू. पानावर फवारणं म्हणजे पैसे वाया.

आपल्या जांभ्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. मुळाला जेमतेम एक-दोन मिलिमीटरवरचा स्फुरद मिळतो. बुरशीचे तंतू त्यापलीकडे काही सेंटिमीटर जाऊन तो आणतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. म्हणून ती मुळाला टेकलीच पाहिजे. नवं कलम लावताना पिशवी काढा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका आणि कल्चर (विकत मिळणारी ही बुरशी) थेट मुळांलगत टाका. मातीत वाढवलेलं असेल तर कलमामागे साधारण 50 ग्रॅम. पावडर किंवा गोळ्यांना पाकिटावरचं प्रमाण. त्याच जागी सुपर फॉस्फेट ओतलंत तर झाड बुरशीला साखर देणंच कमी करतं. जुन्या बागेत ही बुरशी बहुधा असतेच, तिथे खर्चाआधी माती तपासून घ्या. पाकिटावर उत्पादनाची व मुदतीची तारीख, बॅच क्रमांक नसेल, किंवा ते उन्हात पत्र्याखाली ठेवलेलं असेल, तर परत करा.

प्रश्न : राब भाजल्याने (भाताच्या रोपांच्या जागी शेण-पाला जाळल्याने) जमिनीतले जिवाणू मरतात ना?

उत्तर : वरच्या थरातले मरतात, पण खालून पुन्हा येतात. जास्त तोटा जळालेल्या शेणाचा आणि पाल्याचा. ते कुजवून घाला. तणाचं बी मारायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये जमीन ओली करून पातळ पारदर्शक प्लास्टिक कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे अंथरा. वळवाचा पाऊस लवकर आला तर हे साधत नाही, तेव्हा तारीख कृषी सहायकाला विचारूनच ठरवा.