बी.व्ही.एस्सी. म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीनंतर प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या कामात आणि संशोधनात जायचं असेल, तर काय आणि कुठे शिकावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही बी.व्ही.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि दवाखान्यापेक्षा संशोधनाकडे ओढा आहे. घरचे म्हणतात एमपीएससी देऊन पशुधन विकास अधिकारी हो. वर्गातले मित्र चिडवतात, ‘उंदरांचा डॉक्टर होणार का?’ आणि तुमच्या स्वतःच्या मनातली शंका अशी, की जिथे शेवटी प्राणी मारलाच जातो तिथे पशुवैद्याचं काम तरी काय.

मी १३ वर्षं उंदरांची डॉक्टर आहे. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ॲनिमल हाऊसची, म्हणजे प्रयोगासाठीचे प्राणी ठेवतात त्या जागेची, जबाबदारी माझ्याकडे आहे. या तिन्ही गोष्टी मीही ऐकल्यात आणि सोसल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. नोकरीचा दुसरा महिना होता. एका प्रकल्पासाठी १२ उंदरांच्या पोटावर छोटी शस्त्रक्रिया करायची होती. कॉलेजात कुत्र्यांच्या शस्त्रक्रियांत शिकलेला नियम डोक्यात पक्का होता: आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं, म्हणजे भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाणार नाही. मी संध्याकाळी सगळ्या पिंजऱ्यांतलं खाद्य काढून घेतलं. सकाळी शस्त्रक्रिया व्यवस्थित झाल्या, टाके नीट बसले, आणि मी ते १२ जीव स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीनं ठेवले. दुपारपर्यंत त्यांतले पाच गेले होते.

उंदराला उलटी होतच नाही. त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे, त्यामुळे त्यासाठी उपाशी ठेवायचं कारणच नसतं. उलट तो बहुतेक खाणं रात्री खातो, म्हणजे मी नेमकी त्याची जेवणाची वेळच काढून घेतली होती. २५ ग्रॅमच्या देहात साखरेचा साठा तो किती! त्यात भुलीखाली त्याचं अंग झपाट्यानं थंड पडतं, आणि मी त्याला गार स्टीलवर निजवलं होतं. अंगाखाली गरम पॅड, रात्रभर पिंजऱ्यात खाद्य, एवढ्यानं ते पाचही बहुधा जगले असते. तोवर मी अडलेल्या म्हशीचं रेडकू ओढून काढलं होतं, पोट फुगलेल्या गाईला ट्रोकार (पोटातला वायू काढायची टोकदार नळी) घातला होता, पण उंदीर आयुष्यात चार-पाच वेळाच हातात धरला होता. पदवीनं मला ज्या प्राण्यांची डॉक्टर केलं, त्यांत हा प्राणी नव्हता, हे मला त्या दुपारी कळलं. त्या पाच उंदरांची नोंद असलेलं रजिस्टरचं पान मी अजून विसरलेले नाही.

म्हणून ‘काय शिकावं’ याचं माझं पहिलं उत्तर: उंदीर हा तुमचा रुग्ण आहे असं धरून त्याचं वैद्यक शिका. माऊस, रॅट, हॅमस्टर, गिनीपिग, ससा, प्रत्येकाचं वेगळं. घोड्याला शिरेतून केटामाइन हे भुलीचं औषध किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम पुरतं. उंदराला पोटात टोचून ८० ते १०० मिलिग्रॅम द्यावं लागतं. गाईला बिनधास्त देतो ते पेनिसिलिन गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून त्याचाच जीव घेऊ शकतं. गिनीपिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व बाहेरून लागतं. जुनं, साठवलेलं खाद्य दिलं तर काही आठवड्यांत सांधे सुजून तो जागचा हलेनासा होतो आणि संशोधकाला वाटतं की आपल्या औषधाचाच हा परिणाम. बऱ्याच सशांच्या रक्तात ॲट्रोपिन (भुलीच्या वेळी लाळ कमी करणारं औषध) तोडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे नेहमीचा डोस लागू पडत नाही. आणि रक्त! २५ ग्रॅमच्या उंदराच्या अंगात सगळं मिळून दोनेक मिलिलिटर रक्त असतं. ‘फक्त एक मिलिलिटर काढून द्या’ असं कुणी म्हणालं, तर तो निम्मं रक्त मागतोय हे सांगणारं माणूस तिथे हवं. ते माणूस म्हणजे तुम्ही.

आता जागेचं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे. जुने लोक तिला सीपीसीएसईए म्हणतात, आता नाव सीसीएसईए झालंय. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला तिच्याकडे नोंदणी करावी लागते आणि स्वतःची नैतिकता समिती नेमावी लागते. त्या समितीत शास्त्रज्ञ असतात, संस्थेबाहेरचा एक शास्त्रज्ञ असतो, विज्ञानाशी संबंध नसलेला एक जागरूक नागरिक असतो, केंद्राचा प्रतिनिधी असतो आणि एक पशुवैद्य असतोच असतो. मोठ्या प्राण्यांवरचे प्रस्ताव तर थेट केंद्रीय समितीपुढे जातात. म्हणजे खुर्ची कायद्यानंच ठेवलेली आहे. मला काळजी वाटते ती त्या खुर्चीत बसून नुसती सही करणाऱ्यांची.

माझ्यापुढे एकदा स्मरणशक्तीच्या अभ्यासाचा प्रस्ताव आला. पाण्याच्या गोल हौदात उंदीर सोडायचा, भिंतीवरच्या खुणा बघून त्यानं पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायचा, किती वेळात शोधतो ते मोजायचं. ६० उंदीर मागितले होते, वाण सी३एच/एचईजे. हा वाण जन्मतःच एका जनुकाचा दोष घेऊन येतो. तीन-चार आठवड्यांत डोळ्याचा पडदा निकामी होतो. आंधळे उंदीर भिंतीवरच्या खुणा कशा बघणार? आकडे आले असते, आलेख निघाले असते, शोधनिबंधही छापून आला असता, आणि सगळं खोटं. संशोधक हुशार होता, प्रामाणिकही होता, फक्त त्याला प्राणी माहीत नव्हता. बैठकीत मी हे सांगितलं, वाण बदलला. प्राण्याची काळजी आणि विज्ञानाचा खरेपणा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक इंटर्नला सांगते.

हात आणि डोळे तयार करायला सर्वांत जास्त वेळ द्या. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी उंदीर शेपटीला धरून उचलतात, मलाही तसंच शिकवलं गेलं. २०१० मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की शेपटीनं उचललेले उंदीर घाबरट राहतात, आणि ओंजळीत किंवा प्लॅस्टिकच्या नळीत घेऊन उचललेले माणसाजवळ स्वतःहून येतात. आम्ही नळ्या आणल्या. पहिले काही दिवस कामाला वेळ लागला, मग पिंजरा उघडला की होणारी ती पळापळ थांबली. त्याच वर्षी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पद्धतही प्रसिद्ध झाली: डोळे किती मिटलेत, नाक आणि गाल फुगलेत का, कान मागे गेलेत का, मिशा कशा आहेत. उंदीर शिकार होणारा प्राणी असल्यामुळे दुखणं लपवतो. म्हैस हंबरते, कुत्रं कण्हतं, उंदीर गप्प बसतो. तो गप्पपणा वाचता येणं हीच या कामातली निदानाची कला.

ही कला मला पुस्तकांपेक्षा आमच्या मामांनी जास्त शिकवली. मामा म्हणजे ॲनिमल हाऊसचे अटेंडंट, दहावीपर्यंत शिकलेले, २० वर्षं पिंजरे धुणारे. सकाळी फेरी मारून सांगतात, ‘मॅडम, तिसऱ्या रॅकवर एकानं रात्री घरटं केलं नाही.’ जाऊन पाहावं तर तो खरंच आजारी असतो. कुठल्याही ॲनिमल हाऊसमध्ये गेलात तर आधी मामांशी ओळख करून घ्या.

तिसरी गोष्ट, जी आपल्या पदवीत जवळजवळ नसते, ती म्हणजे प्रयोगाची आखणी. आपण एका गाईवर उपचार करायला शिकतो. गट, तुलना, सोडत (कुठला प्राणी कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरवणं), नमुन्याचा आकार हे शब्द फार तर संख्याशास्त्राच्या पेपरात भेटतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. पण रॅकच्या वरच्या रांगेत दिव्याचा उजेड जास्त पडतो, हे तुमच्या लक्षात यायला हवं. औषधाचा गट वर आणि तुलनेचा गट खाली ठेवला तर तुम्ही औषध मोजताय की उजेड? २०१४ मध्ये माँट्रियलच्या गटानं दाखवलं की पुरुष संशोधक जवळ असला, किंवा त्यानं घातलेला टी-शर्ट नुसता शेजारी ठेवला, तरी उंदीर ताणाखाली येतात आणि वेदनेचं मोजमाप बदलतं. अशा गोष्टी माहीत असलेला पशुवैद्य समितीत असेल, तर ६० प्राण्यांचं काम कधी ४० मध्ये होतं आणि कधी ‘इतक्या थोड्यांत काहीच सिद्ध होणार नाही, सगळे वाया जातील’ असंही सांगावं लागतं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं, शक्य तिथे प्राणी टाळा, कमीत कमी वापरा, त्रास कमी करा, तुम्हाला पाठ करायला लावतील. आपल्याकडे त्यात प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाचं चौथं तत्त्वही जोडलंय. पाठ करा, पण ती प्रत्येक अर्जाला लावून बघायची सवय आत्तापासून लावा.

कुठे शिकायचं? अमेरिकेत पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत संशोधनाच्या प्रयोगशाळेत घेतात, त्यासाठी तिथली एनआयएच ही सरकारी संस्था पैसे देते, आणि नंतर रेसिडेन्सी करून लॅबोरेटरी ॲनिमल मेडिसिनची (प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या वैद्यकाची) वेगळी विशेषज्ञ परीक्षाही देता येते. आपल्याकडे वाट बरीचशी स्वतःच काढावी लागते. कॉलेजच्या औषधशास्त्र विभागाचं ॲनिमल हाऊस असेल तर तिथून सुरुवात करा. पुण्यात एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र), आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), एनआयव्ही (विषाणू संस्था), मुंबईत परळला एनआयआरआरसीएच (प्रजनन आणि बालआरोग्य संशोधन संस्था) आणि हाफकिन, खारघरला ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र), या सगळ्या ठिकाणी प्राण्यांवर काम चालतं. तिथल्या पशुवैद्यांना थेट ईमेल लिहा. दहा लिहिलेत तर दोन उत्तरं येतील, दोन पुरतात. चेन्नईला तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. हैदराबादजवळ जीनोम व्हॅलीत आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) राष्ट्रीय प्राणी संसाधन केंद्र आहे. त्याची परंपरा तिथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ॲनिमल हाऊसपासून चालत आलीय. एम.व्ही.एस्सी.ला (पदव्युत्तर पदवीला) माझं मत विचाराल तर पॅथॉलॉजी घ्या. औषधांच्या सुरक्षा चाचण्या करणाऱ्या कंपन्यांना काचपट्टीवरचा ऊतक वाचणारा माणूस कायम लागतो. मी औषधशास्त्र घेतलं, ते उपयोगी पडलं, पण पॅथॉलॉजी कमी पडतं हे मला रोज जाणवतं.

घरच्यांचं म्हणणं मात्र धुडकावू नका. पशुधन विकास अधिकाऱ्याची नोकरी पक्की असते, पेन्शन-बढतीचा हिशेब मांडता येतो, आणि गावात त्या माणसाचं मोल फार मोठं आहे. आमच्याकडे सुरुवातीच्या बऱ्याच जागा प्रकल्पावरच्या असतात, प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. मी पहिली चार वर्षं अशीच काढली. घरी हे आकड्यांसकट सांगा, लपवू नका.

आणि मित्रांना सांगा की आयव्हीआरआय ही भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आज उत्तर प्रदेशात इज्जतनगरला असली तरी ती १८८९ मध्ये आपल्या पुण्यातच इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून सुरू झाली होती. त्यांना पीटर डोहर्टी यांच्याबद्दलही सांगा. पदवीनं पशुवैद्य, उंदरांवर काम करूनच त्यांनी शोधलं की शरीरातल्या टी-पेशी विषाणू शिरलेली पेशी कशी ओळखतात, आणि १९९६ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. कोव्हॅक्सिन २० ऱ्हीसस माकडांवर तपासली गेली, ती एनआयव्हीतच. अशा कामात भूल देणारे, नमुने घेणारे, रोज प्रकृती पाहणारे हात कुणाचे लागतात हे तुमच्या वर्गाला वेगळं सांगायला नको.

राहिली तुमची शेवटची शंका. हो, प्राणी मारावे लागतात, आणि अनेकदा ते काम माझ्या हातानं होतं. याची सवय होते असं मी म्हणणार नाही. ज्यांना झाली, त्यांच्याकडे प्राणी सोपवायला मला आवडत नाही. पण मी तिथे नसते तर प्रयोग थांबला नसता, वेदनाशामक मात्र वेळेवर मिळालं नसतं. वजन अमुक टक्के उतरलं की प्रयोग तिथेच संपवायचा आणि प्राण्याला वेदनेविना मरण देऊन सोडवायचं, ही रेषा आधीच लिहून घेणं आणि ती वेळ आली की शब्दाला जागणं, हे माझं काम आहे. एका शनिवारी रात्री संशोधकाचा फोन आला, ‘सोमवारपर्यंत ठेवता येईल का, माझे नमुने पूर्ण होतील.’ मी नाही म्हटलं आणि रिक्षानं संस्थेत जाऊन तो उंदीर झोपवला. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांऐवजी पेशी, ऑर्गन-चिप (पेशी वाढवून अवयवासारखं काम करणारी छोटी पट्टी) यांवरच्या चाचण्यांनाही जागा मिळालीय. त्यानं माझं काम कमी झालं तर मला आनंदच होईल.

तुम्ही या आठवड्यात एवढं करा. कॉलेजच्या ॲनिमल हाऊसच्या प्रमुखांकडून परवानगी घ्या आणि दिवे बंद झाल्यावर तासभर लाल दिव्यात एका पिंजऱ्यासमोर बसा, कारण लाल उजेड उंदराला जवळजवळ दिसत नाही. वही घेऊन जा, हात लावू नका. कोण कुठे झोपतो, घरटं कोण रचतं, कोण कुणाचं अंग चाटतं, खाद्यापाशी पहिला कोण येतो, ते लिहा. नंतर इथेच कॉमेंटमध्ये मला सांगा काय दिसलं. पुढचं तिथून बोलू.