दारूचे बारा डबे

प्रश्न: नमस्कार सर. मी वर्षातले सहा-सात महिने ह्युस्टनला असतो आणि थंडीत मुलुंडला येतो, सध्या मुलुंडलाच आहे. तिकडे नेमबाजीच्या रेंजवर जायचा नाद आहे, तीन हत्यारं आहेत, एक ९ एमएम पिस्तूल, एक .३५७चं रिव्हॉल्वर ज्यात मी बहुतेक वेळा .३८ स्पेशल ही मवाळ काडतुसंच मारतो, आणि एक .४५ एसीपी. काडतुसं घरीच रिलोड करतो, म्हणजे मारून झालेल्या पुंगळ्यांत परत पावडर आणि गोळी भरतो. सेलमध्ये दिसली की घे, कुणी चांगली म्हटली की घे, असं करत गॅरेजमध्ये पावडरचे बारा डबे जमलेत: बुल्सआय, रेड डॉट, टाइटग्रुप, एचपी-३८, विंचेस्टर २३१, युनिक, पॉवर पिस्टल, एचएस-६, २४००, एच-११०, विंचेस्टर २९६, आणि कॉफीच्या बरणीत भरलेलं काहीतरी, ज्यावर चिठ्ठी नाही. महिन्याला दोनशेच्या आसपास राउंड मारतो. बायकोने गिरगावात तिच्या आईला सांगितलं की ह्यांनी गॅरेजमध्ये दारूचे बारा डबे भरून ठेवलेत, तेव्हापासून सासूबाई माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. तर आता खरंच कमी करायचंय. कुठले ठेवू, कुठले काढू, आणि उरलेलं इकडे आणता येईल का? — एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर: सासूबाईंना आधी सांगा की ही ती दारू नाही, आणि मग हेही सांगा की त्यांची काळजी अगदीच चुकीची नाही.

बरणीपासून सुरुवात करू कारण बाकी अकरा डब्यांपेक्षा मला त्या बरणीची भीती जास्त वाटते. आपल्या लोकांना डबा फेकवत नाही हो, बोर्नव्हिटाच्या डब्यात मूगडाळ, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, आणि प्रत्येक घरात एक बाई असते जिला चिठ्ठीशिवाय कळतं कुठे काय आहे. ती सवय पावडरला लावायची नाही. वास घेऊन, दाणा बघून ओळखू असं मनात आलं असेल तर ते काढून टाका, ओळखता येत नाही, मला चाळीस वर्षांनी येत नाही. ती बरणी गेली. कशी घालवायची ते पुढे सांगतो.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. माझा मावसभाऊ ओहायोत असतो, त्याच्या बेसमेंटमध्ये मी तीन उन्हाळे पुंगळ्या भरल्यात. एकदा संध्याकाळी वहिनीने चहाला हाक मारली म्हणून पावडर मेजरची (पावडर मोजून पुंगळीत टाकणारं यंत्र) नळी अर्धी भरलेली तशीच सोडून वर गेलो, आणि मग गप्पा, जेवण, क्रिकेट, झोप. सकाळी खाली आलो तर नळीत बारीक काळपट दाणे आणि टेबलावर दोन डबे, एचपी-३८ आणि एचएस-६, दोन्ही उघडलेले, आणि दोघांचाही दाणा तसाच बारीक आणि काळपट. मी म्हटलं एचएस-६च असणार, काल शेवटी तेच काढलेलं. भाऊ काही बोलला नाही, नळी काढली, बाहेर लॉनवर नेऊन रिकामी केली आणि परत येऊन नुसतं म्हणाला, असणार म्हणजे काय? एचएस-६ हळू जळणारी, तिचं माप मोठं. त्या मापाने चुकून एचपी-३८ भरली गेली असती तर पिस्तूल हातात फुटलं असतं. तेव्हापासून टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि उठायचं असेल तर चहा गार झाला तरी चालेल पण नळी रिकामी करून पावडर परत त्याच डब्यात. तुमचे डबे कमी करण्यामागे माझ्या मते पैशाचा किंवा जागेचा प्रश्न नाहीच, डबे जितके कमी तितक्या चुकायच्या जागा कमी, एवढंच.

आता हिशेब. एका पौंडात ७००० ग्रेन असतात. एका काडतुसाला सरासरी ५ ग्रेन धरा (हे फक्त गणितासाठी बरं का, भरायचं माप नव्हे, माप मॅन्युअलमधूनच घ्यायचं) तर एका पौंडाच्या डब्यात १४०० काडतुसं निघतात. तुम्ही महिन्याला २०० मारता, सहा महिन्यांत १२००. म्हणजे मॅग्नम (.३५७ची जोरदार काडतुसं) सोडलं तर तुम्हाला वर्षाला एक डबासुद्धा पुरून उरतो, आणि तुमच्याकडे बारा आहेत. सासूबाईंचा मुद्दा आहे थोडा.

तुमच्या यादीत दोन जुळी आहेत, ते बहुतेक तुमच्या लक्षात आलेलं नाही. विंचेस्टर २३१ आणि एचपी-३८ ही एकच पावडर, लेबल वेगळं. विंचेस्टर २९६ आणि एच-११० तेही तसंच. चारही फ्लोरिडातल्या सेंट मार्क्सच्या एकाच कारखान्यात बनतात आणि दोन्ही नावांनी विकायचं काम आता हॉजडन ही कंपनीच करते. म्हणजे घरी पोचायच्या आतच तुमचे चार डबे दोन झाले. पण म्हणून एकाचं उरलेलं दुसऱ्यात ओतायचं नाही, अगदी त्याच नावाचे दोन डबे असले तरी नाही, कारण प्रत्येक लॉट, म्हणजे कारखान्यातून निघालेली एकेक खेप, थोडा इकडेतिकडे असतो. एक संपवायचा, मग दुसरा उघडायचा आणि माप परत खालून चढवत यायचं.

बाकीच्यांचं बघताना नाव नका बघू, जळायचा वेग बघा. चूल पेटवताना आपण आधी कागद लावतो, मग काटक्या, मग बाभळीचं लाकूड, तसंच आहे हे. बुल्सआय, टाइटग्रुप, रेड डॉट म्हणजे कागद, भुर्रकन जळतात. २३१ आणि युनिक काटक्या. पॉवर पिस्टल आणि एचएस-६ जरा जाड काटक्या. २४०० आणि एच-११० म्हणजे लाकूड, मॅग्नमच्या मोठ्या पुंगळीत सावकाश जोर धरणारी. तुमच्या तिन्ही हत्यारांचं रोजचं काम काटक्यांवर भागतं. ९ एमएम, .३८ स्पेशल, .४५, तिन्हीसाठी २३१चं माप मॅन्युअलमध्ये मिळतं, दाणा बारीक असल्याने मेजरमधून पाण्यासारखी उतरते आणि दर वेळी जवळजवळ सारखीच पडते. वर तिला दोन नावं असल्याचा एक फायदा आहे, २०२०-२१च्या टंचाईत तिकडे दुकानांची शेल्फं रिकामी झाली होती तेव्हा जे लेबल मिळेल ते उचलता येत होतं. म्हणून पहिला डबा हा.

दुसरा मॅग्नमसाठी, म्हणजे महिन्यातून एकदा .३५७ला तिचं खरं खाणं द्यावंसं वाटलं तर. इथे बरेच जण एच-११० सांगतील, आणि गोळीच्या वेगाच्या बाबतीत ती भारीच आहे, पण तिचा स्वभाव हट्टी. माप कमी करून मवाळ काडतूस बनवायला गेलात तर ती नीट पेटतच नाही, गोळी नळीत अडकू शकते आणि तिच्या मागून दुसरी मारली की संपलंच, म्हणून कंपनीच सांगते की दिलेल्या मापापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त खाली जाऊ नका. २४०० जुनी आहे, १९३५ साली .३५७ मॅग्नम आलं तेव्हापासून तिच्या जोडीला आहे, आणि ती सांभाळून घेते. वर्षातून दहा वेळा मॅग्नम मारणाऱ्याने २४०० ठेवावी असं माझं मत. एच-११० आणि २९६ मॅग्नमच मारणाऱ्या एखाद्या ओळखीच्याला द्या, तो खूश होईल.

टाइटग्रुप काढा. वाईट नाही ती, स्वस्त पडते कारण इतकी थोडी लागते, पण तेच मला नको वाटतं. .३८ स्पेशलची पुंगळी मुळात जुन्या काळ्या दारूच्या हिशेबाने बनलेली, चांगली लांब. तिच्या तळाशी एवढीशी पावडर पडते की चुकून दोनदा भरली तरी पुंगळी निम्मीसुद्धा भरत नाही आणि वरून डोकावलं तर कळतही नाही. बुल्सआयलाही हाच दोष आहे, जरी १८९८च्या आसपासची ती पावडर अजून टार्गेटवाल्यांची लाडकी आहे आणि तिच्या नेमाला मी नावं ठेवणार नाही. कुठलीही भरा, पण पन्नास पुंगळ्यांचा ट्रे बॅटरीच्या उजेडाखाली धरून प्रत्येकीत बघितल्याशिवाय गोळी बसवायची नाही. कंटाळा येतो, मान्य.

युनिकबद्दल मी निष्पक्ष नाही. मोठे मोठे पापुद्रे, मेजरमधून उतरताना करकर आवाज करते, माप थोडं वरखाली होतं, धूर करते, हात काळे होतात. पण पुंगळी छान भरते, दोनदा पडली तर डोळ्याला लगेच खटकतं आणि तिन्ही हत्यारांत चालते. ठेवा एक डबा. म्हणजे झाले तीन: २३१, २४००, युनिक. तिसरा माझ्या प्रेमापोटी, नको असेल तर दोनच ठेवा.

पॉवर पिस्टल आणि एचएस-६ चांगल्या पावडरी आहेत, फेकू नका, या सीझनला ९ एमएममध्ये एक संपवा मग दुसरी, आणि परत घेऊ नका. रेड डॉट मूळची शॉटगनची, तुमच्या क्लबात ट्रॅप (उडत्या तबकड्यांवर शॉटगनने नेम) खेळणारा कुणी असेलच. फक्त देताना मूळ डब्यात, मूळ लेबलसकट द्या, आणि उघडलेला डबा कुणी नको म्हणाला तर रागवू नका, मीही नको म्हणेन.

घालवायचं कसं, तर कचऱ्यात नाही आणि सिंकमध्ये तर नाहीच. थोडी थोडी, मोकळ्या जागी, घरापासून लांब, इंचापेक्षा कमी जाडीचा पातळ थर करून जाळतात, तेही तुमच्या भागात उघड्यावर जाळायला परवानगी असेल तर, फायर डिपार्टमेंटला एक फोन करून विचारा. बरेच जुने लोक लॉनवर पातळ भुरभुरतात, नायट्रोजन असतो म्हणून गवताला चालतं, भावाने तेच केलं होतं. बरणीचं झाकण उघडल्यावर नाकाला झोंबणारा आंबट वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर पावडर सडायला लागलीय, ती पहिल्यांदा घालवा. चांगल्या पावडरला स्पिरिटसारखा हलका वास असतो.

आणि गॅरेज नको हो. ह्युस्टनचं गॅरेज उन्हाळ्यात म्हणजे भट्टी. घरातल्या आतल्या खोलीत, गार, कोरड्या जागी, प्रायमरपासून (पुंगळीच्या बुडातली पेटवणारी टिकली) वेगळं ठेवा. इथे आपली दुसरी सवय आडवी येते, जपायची वस्तू म्हटली की लोखंडी कपाट आणि त्याला जाड कुलूप. ही पावडर उघड्यावर पेटली तर नुसती भसाभस जळते, पण पक्क्या बंद लोखंडी पेटीत तिला आग लागली तर ती पेटी म्हणजेच बॉम्ब. तिकडचा अग्निसुरक्षेचा कोड, एनएफपीए ४९५, घरात २० पौंडांपर्यंत मूळ डब्यांत ठेवायला हरकत घेत नाही, त्यापुढे ५० पर्यंत एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत ठेवा म्हणतो. लाकडी का, ते आता कळलं असेल. तुम्ही २०च्या खूप आत आहात, साधं लाकडी कपाट घ्या, नातवंडांच्या हाताला येणार नाही इतकं उंच.

इकडे आणायचा विचार मात्र सोडून द्या. विमानात पावडर हँडबॅगेत चालत नाही आणि चेक-इनमध्येही चालत नाही, आणि समजा चुकून पोचलीच तर सहार विमानतळावर तुमचं पुढचं सगळं बोलणं वकिलामार्फत होईल.

प्रश्न: काका, मी कल्याणहून वरळीच्या रेंजवर शिकायला येते, आधी एअर पिस्तूल केलं, आता .२२. काडतुसं महाग पडतात, पप्पांना सारखं मागायला लाज वाटते. यूट्यूबवर लोक घरी भरताना दिसतात. आपल्याकडे करता येईल का? — बी.कॉम.ची विद्यार्थिनी

उत्तर: नाही गं बाळा, आणि दोन वेगळ्या कारणांनी नाही. पहिलं कायद्याचं. १९५९च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे लायसन्सशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, घरच्या टेबलावर दहा भरली तरी ते बनवणंच, आणि लायसन्स काडतुसं वापरायचं असलं तरी बनवायचं होत नाही. वर दिलेलं उत्तर तिकडच्या माणसासाठी आहे, ते वाचून इथे काही करायचं नाही.

दुसरं कारण तुझ्या हातातच आहे. पुढच्या वेळी मारून झालेली .२२ची पुंगळी उचल आणि तिचा बूड बघ, मधोमध प्रायमरची टिकली नसते, कडेला पिनचा एक चपटा दणका दिसेल. तिचा पेटणारा मसाला त्या कडेच्या पोकळीत आत भरलेला असतो आणि पिनने ती कड चेपली की पुंगळीचं काम संपलं. म्हणजे कायद्याने सोडलं असतं तरी .२२ रोजच्या पद्धतीने परत भरण्यासारखी नसते. .३२च्या सेंटरफायर (मधोमध प्रायमर असलेल्या) पिस्तुलाची गोष्ट वेगळी, पण तिथपर्यंत तुला अजून वेळ आहे.

पैसे वाचवायचे तर एअर पिस्तूल सोडू नकोस. छर्रा काडतुसापेक्षा फार स्वस्त पडतो, आणि ट्रिगर, श्वास, नजर सगळं तेच. राही सरनोबतने २०१८च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तुलात सोनं मिळवलं, त्या इव्हेंटमध्येही .२२च असते. घरी रोज अर्धा तास पिस्तूल रिकामं करून, आधी दोनदा तपासून, भिंतीवर कोरा कागद लावून ड्राय फायर कर, म्हणजे काडतुसाशिवाय नुसता ट्रिगर दाबायचा सराव. त्याला शून्य रुपये लागतात. फक्त .२२ रिकामी मारायच्या आधी कोचना विचार, काही पिस्तुलांची पिन त्याने खराब होते, एअर पिस्तुलाला बहुतेक वेळा त्यासाठी वेगळी कळ असते. आणि असोसिएशनमार्फत काडतुसं कशी मिळतात तेही त्यांनाच विचार, लाजू नकोस, तिथल्या प्रत्येकाने कधीतरी हा प्रश्न विचारलेला असतो, मी तर पप्पांच्या सायकलचे पैसे उडवून मग विचारला होता.