कॉमिक्स काढायला सुरुवात करताना काय विकत घ्यावं? मार्करचा मोठा संच घेऊ का?

मार्करचा संच आत्ता नको. पैसे आधी कागदावर घाला.

शाई फुटली की लोक पेनाला नावं ठेवतात, पण दोष बहुधा कागदाचा असतो. ७५ जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड) झेरॉक्स कागदावर रेघेला मिशा फुटतात आणि दोनदा खोडलं की कागदाची लव उठते. २०० जीएसएमच्या पुढचा गुळगुळीत कार्ट्रिज किंवा ब्रिस्टल, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद घ्या. जलरंगाचा खरखरीत कागद टाकाला, म्हणजे शाईत बुडवून वापरायच्या निबच्या पेनाला, चालत नाही. निबचं टोक अडकतं नि शिंतोडे उडतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चांगला कागदही दमट होऊन शाई फोडतो, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा.

पेन निवडण्याआधी छपाईचा आकार ठरवा. ए४ वर काढून ए५ वर छापलं तर रेघ साधारण ७१ टक्के उरते. ए३ वरून ए५ केलं तर निम्मी. म्हणजे ०.२५ मिमीची रेघ ०.१२ वर येते आणि साध्या छपाईत तुटायला लागते. पिग्मा मायक्रॉन या बारीक टोकाच्या ड्रॉइंग पेनांवरचे आकडे मिलिमीटर नाहीत, हेही ध्यानात घ्या: ०१ म्हणजे ०.२५, ०५ म्हणजे ०.४५, ०८ म्हणजे ०.५. ए४ साठी ०१, ०५, चौकटींना ०८ आणि काळे भाग भरायला एक ब्रश पुरे.

जाड-बारीक होणारी जिवंत रेघ हवी असेल तर टाकाला पर्याय नाही. झेब्रा कंपनीची ‘जी’ (G) निब नवशिक्याला झेपते. नव्या निबवर तेलाचा पातळ थर असतो, त्यावर शाई ठरत नाही; टूथपेस्ट लावून धुवा. कॅमलची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चालेल, पण ती फाउंटन पेनात कधीही भरू नका, पेन कायमचं तुंबतं. काम करताना निब दर काही मिनिटांनी पाण्यात बुडवून पुसा.

कच्चं रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीनं, हलक्या हातानं; ती स्कॅन करताना वगळता येते, म्हणून खोडावी लागत नाही. एचबी वापरलीत तर शाई पूर्ण वाळल्यावरच खोडा, काळे भाग तर तासभर तसेच राहू द्या. तरीही खोडरबर थोडा काळेपणा नेतोच. तिथे पुन्हा शाई फिरवावी लागते.

चुका पांढऱ्या पोस्टर कलरनं झाका. व्हाइटनरच्या खपलीवर निब घसरते. पुढे मार्कर घ्यावेसे वाटलेच तर आधी दोन-तीन राखाडी छटा सुट्या घ्या आणि तुमच्याच शाईवर, तुमच्याच कागदाच्या तुकड्यावर फिरवून पाहा. अल्कोहोल मार्करखाली काही शाया विरघळून पसरतात.